गालावरची शाई

मला वर्तमानपत्राची किळस येते असं म्हटलं की लोक हसतात. हसू देत. माझं कारण मला ठाऊक आहे.

नव्वदच्या दशकात पेणला आमचा गणपतींचा कारखाना होता. रोह्याच्या एका मंडळाची मोठी मूर्ती दरवर्षी चाचांच्याच टेम्पोतून जायची. चाचा रोह्याचे, मुसलमान. टेम्पोत पेंढा ते स्वतः अंथरत आणि मूर्तीचा चेहरा झाकायला कोरा पांढरा पंचा घरून आणत. देव जागेवर बसेपर्यंत त्याचा चेहरा उघडा न्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. तो पंचा बांधायचा मान चाचांचा, आणि त्यात कुणाला कधी वावगं वाटलं नव्हतं.

एका वर्षी रोह्याजवळच्या धाटावला एका कंपनीत चोरी झाली, रखवालदाराला मारहाण झाली. पहिला पकडलेला माणूस मुसलमान निघाला. झालं! दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं नाव बारीक आणि धर्म ढळढळीत. आणि वर शहाणपण, की या लोकांवर विश्वास ठेवायचा तरी कसा. चोर एक आणि थुंकी साऱ्या मोहल्ल्यावर. शी!

तोच पेपर काखोटीला मारून मंडळाची पोरं आली, दुसराच ट्रक घेऊन. मूर्ती तोवर चाचांच्या टेम्पोत चढली होती, पंचाही बांधून झाला होता.

"यंदा ह्यांच्या गाडीतून नाय न्यायची," एकजण बाबांना म्हणाला. "पेपर वाचला नाय का तुमी?"

"चोरी ह्यांनी केली काय रे?" बाबा भडकले.

"तसं नाय, पण लोकं बोलतात."

बाबांचा आवाज चढत गेला, तेव्हा चाचांनीच पंचा सोडला. "न्या पोरांनो. सणाला तमाशा नको."

पोरांनी झाकायला काहीच आणलं नव्हतं. आजवर ते चाचाच आणायचे ना! मूर्ती ट्रकात चढवून त्यांनी तोच पेपर देवाच्या तोंडाला गुंडाळला. वार्निश अजून चिकट होतं. ओल्या रंगाला छापील कागद लावू नये, हे कारखान्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी ओरडले, पण ट्रक सुटला होता.

संध्याकाळी निरोप आला, शाई गालावर उतरलीय, ताबडतोब या. बाबा रंग घेऊन निघाले ते चाचांच्याच टेम्पोतून. मीही गेले. देवाच्या गालावर अक्षरं उलटी उमटली होती, तरी वाचता येत होती.

"चाचांना आत बोलवा," बाबा म्हणाले. पोरं मखर आवरायला लागली. शेवटी मीच बाहेर गेले.

"नको गो," चाचा स्टेअरिंगवरून हात न काढता म्हणाले. "तुज्या बाबांना सोडायला आलोय मी."

पुढे त्याच चोरीत दोघे हिंदू, आमच्यातलेच, सापडले. पेपरात कोपऱ्यात एवढंच, 'आणखी दोघे ताब्यात'. त्यांचा धर्म छापायची गरज कुणाला वाटली नाही.

पुढच्या श्रावणात बाबा चाचांना बोलवायला रोह्याला गेले. टेम्पोत विटा भरणं चालू होतं. चाचांनी चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली आणि यायला नाही म्हणाले.

"विटा बऱ्या. त्या कोणी आणल्या ते कोण इचारत नाय."