अनंताने वाटलेले पाट

"पुढच्या शनिवारी हे मशीन ट्रकवर चढेल, आणि अनंता, त्याच्या शेजारी तू बसशील!" साहेब ओरडत होते. त्या आवाजाने पूर्णगडच्या किल्ल्याचे दोन चिरे निखळले, असं मी अजून सांगतो. गेल्या महिन्यात अनंता गेल्याचा फोन आला, तेव्हा कानात पहिल्यांदा तोच आवाज घुमला...

ऐंशीच्या दशकाची अखेर. रत्नागिरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत कॉम्प्युटरवर भरती-ओहोटीचे तक्ते निघत. प्रोग्राम तोच, आकडे तेच. पण कधी अर्ध्या तासात काम उरके, तर कधी खरी भरती येऊन ओसरली तरी आमचा कागद कोराच. साहेबांच्या मते दोष मशीनचा, नाहीतर ते चालवणाऱ्या अनंताचा.

त्याच आठवड्यात मंडणगडकडे त्याच्या गावी उत्सवाला गेलो. देवळातल्या पंगतीत प्रत्येक घराचा पाट मानाने ठरलेला. त्या वर्षी दोन घरांचा मान एकाच पाटावर आला. एक टेकला की दुसरा त्याला उठवी. शेजारचे पाट रिकामे, आणि वाढपी भाताची परात घेऊन नुसता फिरतोय. अनंताचा घास हातातच राहिला.

"आपल्या मशीनमध्ये हेच चाललंय रे."

"तिथे कोण जेवतंय?"

"प्रोग्राम. उपाशी उठतोय बिचारा."

प्रोसेसरशेजारी कॅश नावाची छोटी, चपळ स्मृती असते. मोठ्या स्मृतीतल्या प्रत्येक तुकड्याची तिथली जागा ठरलेली. ऑपरेटिंग सिस्टीम मात्र हाताला लागेल तो तुकडा प्रोग्रामला देई. सतत लागणारे दोन तुकडे एकाच जागेचे निघाले, की ते एकमेकांना उठवत बसत. अनंताने पुठ्ठ्यावर तक्ता काढला, जागेप्रमाणे तुकड्यांना रंग दिले आणि सिस्टीमचं वाटपच बदललं. एका प्रोग्रामला आता ओळीने वेगवेगळ्या रंगांचे तुकडे.

शनिवारी ट्रक दारात, साहेबांचा डोळा घड्याळावर. अर्ध्या तासाच्या आत तक्ता बाहेर. पुन्हा लावा म्हणाले, तेवढाच वेळ. पाच वेळा लावलं, पाचही वेळा तेवढाच. मांडवीचा समुद्र दचकून दोन पावलं मागे सरला. साहेबांनी स्वतः जाऊन ट्रक रिकामा परत पाठवला आणि अनंताला आपल्या खुर्चीत बसवलं.

परवा त्याच्या घरी गेलो. तो रंगीत पुठ्ठा अजून स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे, बरोबर त्याच्या जेवणाच्या जागेसमोर. मी वहिनींना सगळा पराक्रम ऐकवला. एका ट्रकचे तीन केले.

वहिनी म्हणाल्या, "त्या शनिवारी डबा तसाच परत आणलान."