कमानीखालचा ढावलो

“ताई, गाणं पॉझिटिव्ह पाहिजे बरं. लोकार्पण आहे, मोर्चा नाही!” आमदार साहेबांचे पीए सुधीरभाऊ मला बजावत होते. आम्ही उभे होतो फुलसावंगीजवळच्या आमच्या तांड्याच्या, म्हणजे बंजारा वस्तीच्या तोंडाशी. डोक्यावर सिमेंटची नवी स्वागत कमान आणि तिच्यावर फोटोत हात जोडलेले साहेब. आत जायला हा एकच रस्ता.

कमानीत खोट एवढीच, की तिच्याखालून एसटी जात नव्हती. ठेकेदाराने उंची धरली साहेबांच्या गाडीवरून. गाडी झोकात आत जाते, एसटीचं टप अडतं. तेव्हापासून बस फाट्यावरूनच मागे वळायची. महिनोन्‌महिने हे चाललं होतं, आणि उद्‌घाटनाला साहेबांना आता कुठे वेळ मिळाला होता.

मी गाणारी. आधी कलापथकात होते. मी ओळ टाकली की मागचे झीलकरी ती उचलून धरायचे. मग पथकाला योजनांचीच गाणी यायला लागली, शौचालयापासून विम्यापर्यंत. विम्याच्या हप्त्यावर लावणी बसवायला सांगितली त्या दिवशी मी बाहेर पडले. आता एकटी. स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची, डफडं घेऊन स्वतःच गायचं. हुंडा, दारू, रोजगार हमीतली खोटी हजेरी, जे खुपेल त्यावर. शहरात याला सोलो करिअर म्हणतात. माझी याडी, म्हणजे आई, म्हणते, “पथकात होतीस तवा केस सगळ्यायवर झाली असती. आता एकटीवर होईन.”

कमानीचं गाणं मी नाकारणारच होते. पण त्याआधी बहिणीकडे गेले, तर तिची पोरगी पूजा चुलीपाशी बसून ढावलो शिकत होती. ढावलो म्हणजे आमच्या नवरीचं रडगाणं. सासरी निघताना नवरी एकेका वडीलधाऱ्याच्या गळ्यात पडते आणि रडत, सुरात, मनातलं सगळं बोलते. तिला मधेच कुणी तोडत नाही. आमच्या तांड्यात तर ज्याचा गळा धरला, तो काहीतरी शब्द दिल्याशिवाय सुटत नाही. लग्नाचं घाटायला लागलं की म्हाताऱ्या पोरीला हे शिकवतात. पूजा दहावीत होती.

“अन् शाळा?” मी विचारलं.

“बस कुठी येते आता?” बहीण म्हणाली. “फाट्यापावतर सारी झुडपाची वाट. एकट्या पोरीले कशी धाडू? तिचा बाप म्हणते, पोरगा पाहून टाकू.”

पूजा खाली मान घालून सूर लावत होती, आणि मेलीचा सूर अगदी पक्का लागत होता. माझं टाळकंच सटकलं. ठेकेदाराने टेप लावला नाही, म्हणून पोरीचं लग्न?

म्हणून मी सुधीरभाऊंना हो म्हटलं होतं. आता कमानीखाली त्यांना म्हणाले, “पॉझिटिव्हच गाते. तेही पारंपरिक.”

“शब्द दाखवा.”

“आमच्या गोरबोलीत आहेत.”

“अरे वा! मग काय पाहायचं त्यात! फक्त घागरा, आरसे, सगळं घालून या. संस्कृती दिसली पाहिजे.”

म्हटलं, दाखवते.

लोकार्पणाच्या दिवशी साहेब आले, फीत कापली, भाषण ठोकलं. “ही कमान म्हणजे विकासाचं दार आहे!” दार होतं खरं, पण बंद. मग माझं नाव पुकारलं. मी डफडं खाली ठेवलं, सरळ साहेबांकडे गेले, गळ्यात पडले आणि ढावलो धरला.

मराठीत सांगायचं तर: बापू, शाळेची वाट तूच दाखवली, अन् वाटेवर तूच आडवा झाला रे. तुझा फोटो उंच, बापू, तुझी कमान बुटकी. बस गेली मागच्या मागे, अन् मले सासरी धाडतेत रे.

पहिल्या ओळीला बायका चपापल्या. दुसरीला बहीण पदर तोंडाला लावून हमसली. मग सगळ्या जणींनी सूर उचलला. इतक्या वर्षांनी मला झीलकरी मिळाले!

साहेबांना गोरबोली येत नाही. ते कॅमेऱ्याकडे बघून माझं डोकं थोपटत होते. सुधीरभाऊ फोटोग्राफरला ओरडत होते, “क्लोज घे, क्लोज!” साहेबांनी तर डोळेही पुसले. पण मान अवघडली तशी ते कानात कुजबुजले, “झालं का वो बाई?”

“शब्द द्या बापू, मंग सोडते.”

“कायचा शब्द?”

“कमान कापायचा. एसटी अडून राह्यली.”

“येडी झाली का? सगळ्यायचे मोबाईल चालू हायेत!”

“म्हणूनच गाऊन राह्यली.”

साहेबांनी हिसका दिला. मी मिठी आणखी आवळली. तेवढ्यात आमचे नायक, तांड्याचे प्रमुख, पागोटं सावरत माइक घेऊन आले. “साहेब, ढावलो अर्धा तोडला का अपशकुन होते. अन् तुमची निवडणूक तोंडावर हाय.” असं म्हणून त्यांनी माइक साहेबांच्या तोंडाशी धरला.

साहेबांनी घाम पुसला. “वरचा स्लॅब… काढून टाकू. बस आत येईल,” ते पुटपुटले. माइक चांगला होता, शेवटच्या म्हातारीपर्यंत ऐकू गेलं. मी गळा सोडला.

आठवडाभरात स्लॅब फोटोसकट उतरला. दोन खांब तेवढे उरले, त्यांना म्हशी अंग घासतात. बस सुरू झाली तेव्हा साहेब पुन्हा आले, हिरवा झेंडा दाखवून गेले. या वेळी मंचाभोवती दोर बांधला होता आणि मला आमंत्रण नव्हतं. त्यांच्या कुठल्याच कार्यक्रमाला मला आता बोलावत नाहीत. उलट परवा नेरहून एका बाईचा फोन आला, “ताई, आमच्याकडे टाकीचं लोकार्पण हाय. टाकीत पाणी नाही. याल का?”

ज्या गाण्याचं एक अक्षर कळत नाही, ते ऐकून मंचावर डोळे पुसू नयेत, एवढाच यातला धडा. तो साहेबांसाठी.

पूजा आता बसने शाळेत जाते. दहावी होईस्तोवर थांबू, असं तिचा बाप म्हणतो. म्हाताऱ्या मात्र मला विचारतात, पोरीचा ढावलो अर्धाच राहिला, बाकीचा कधी शिकवायचा? मी सांगते, घाई काय आहे? आधी तिचं शिकणं होऊ द्या.