मूससाठी एकशे ऐंशी ग्रेन

कॅनडातल्या एडमंटनच्या दक्षिण टोकाला शिकारीच्या सामानाचे एक दुकान आहे, आणि त्याच्या काडतुसांच्या काउंटरमागे सिबिल झिराडकर बावीस वर्षे उभ्या आहेत. रेवदंड्याच्या बेने इस्रायली ज्यू घरातल्या या बाईंनी साठी गाठली, तरी जनावरावर एकदाही बंदूक रोखलेली नाही. त्यांचे सारे ज्ञान परत आलेल्या गोळ्यांचे. जनावर सोलताना मांसात सापडलेली गोळी गिऱ्हाईक आठवणीने आणून देते. सिबिलबाई ती सोनाराच्या निगुतीने काट्यावर ठेवतात, मूळच्या वजनातले किती उरले ते पाहतात आणि मसाल्याच्या गोल डब्यात, ज्या जनावराची त्या वाटीत, टाकतात. एका वाटीत लांडग्यासारखे कोयोटी, एकीत हरणे, एकीत सांबरासारखे एल्क. मधली मोठी वाटी त्याहूनही धिप्पाड मूसची.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी प्रताप देवतळे हातातला कागद फडकावत दुकानात शिरला. मूळचा नागपूरचा, संगणकावर पोट भरणारा. शिकारीचे वेड मात्र इथे येऊन जडलेले.

“ताई, लागला जी नंबर! नऊ वर्षं मूसच्या परवान्याच्या सोडतीत अप्लाय करून राहिलो होतो. द्या तीन बॉक्स, नेहमीचेच.”

नेहमीची म्हणजे दीडशे ग्रेन वजनाची, मऊ टोकाची, झटकन फुलणारी गोळी. तिने त्याला चार हरणे जागच्या जागी मिळवून दिली होती.

“नाही देणार,” सिबिलबाई म्हणाल्या.

“काहून?”

“काहून म्हणजे? हरीण तुझ्या टेबलाएवढं, मूस तुझ्या गाडीएवढा.”

“पण ही हलकी आहे, म्हणून फास्ट जाते ना जी!”

“फास्ट जाते आणि फास्टच फुटते.”

त्यांनी डबा उघडून मधल्या वाटीतल्या दोन गोळ्या काचेवर ठेवल्या. पहिली, प्रतापच्या नेहमीच्या जातीची, म्हणजे चुरगळलेला पत्रा. अर्धे वजन खांद्याच्या हाडातच सांडलेले. तिच्या मालकाने रक्ताच्या थेंबांमागे दोन दिवस हिंडून मूस शोधला होता, पण तोवर मांस नासले होते. दुसरी अळंबीसारखी उमललेली, वजनाने जवळजवळ पुरी.

“एकशे ऐंशी ग्रेन. तांबं आणि शिसं एकजीव केलेलं. ही हाड फोडून आत जाते आणि मग उमलते.”

“मग हरणालाही हीच मारतो ना, एकदाच काय ते!”

“लहान हरणाच्या फासळ्यांतून ती न उमलताच पलीकडे जाईल. मग पळ त्याच्यामागे, पोट घटेल तुझं.”

प्रताप हसला, पोट आत ओढले आणि जड गोळ्यांचे बॉक्स उचलले. “चला, सोमवारी डायरेक्ट निघतो.”

“आणि नेम?”

“नेम तर बसवलेलाच आहे. गोळी बदलली तर बंदूक बदलते का?”

सिबिलबाईंनी कपाळाला हात लावला. शनिवारी त्या काम करत नाहीत. रविवारी सकाळी मात्र थर्मासभर चहा घेऊन त्या त्याच्याबरोबर नेमबाजीच्या मैदानावर हजर झाल्या. शंभर यार्डांवरून झाडलेल्या पहिल्या तिन्ही गोळ्या मध्यापासून चार बोटे खाली लागल्या. बंदुकीवरच्या दुर्बिणीची चकती टिकटिक फिरवत, नळी निवेपर्यंत थांबत, एकोणीस गोळ्या खर्ची पडल्या, तेव्हा कुठे शेवटची तीन भोके लोणच्याच्या बरणीच्या झाकणाखाली झाकतील इतकी जवळ आली.

प्रताप उत्तरेच्या जंगलात गेला, फोनच्या टप्प्याबाहेर. इकडे सिबिलबाईंची झोप उडाली. हा नंबर वाया गेला, तर पुन्हा किती वर्षे थांबायचे कोण जाणे. आणि त्याच्या हातात बसलेली गोळी काढून घेतली होती ती त्यांनीच.

“मूस राहिला बाजूला, शिकार तुझीच झालीय,” नवरा, जोएल, म्हणाला. “जेव नीट.”

आठव्या दिवशी भर दुपारी, काउंटरपुढे शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्यांची रांग लागलेली असताना, फोन वाजला.

“ताई! पडला!”

“किती चालला?” अभिनंदन करायचे त्यांना सुचलेच नाही.

“वीस पावलं. मग बसला, कोणी खुर्ची दिल्यासारखा!”

सिबिलबाई स्टुलावर टेकल्या. छातीत आठ दिवस अडकून राहिलेला श्वास हसूच होऊन बाहेर पडला.

“एक अख्खी मांडी तुमची, ताई. घरी पोचलो, तर बायको, अरुणा, म्हणते, फ्रीझरमध्ये मावून नाही राहिलं.”

“अरे बाबा, बंदुकीनं मारलेलं आम्हांला चालत नाही. आमच्या रीतीनं कापलेलंच लागतं.”

“अरे देवा! मग तुम्हाला देऊ काय?”

“सांग. कसा उभा होता, कुठं लागली, सगळं सांग. घाईत काही गाळू नकोस.”

प्रताप सांगू लागला, आणि सिबिलबाईंचा मोकळा हात नकळत काचेवर चालू लागला. इथे दलदल, इथे झुडपे, हा खांदा. मराठीचे एक अक्षरही न कळणारी रांग पुढे वाकून पाहू लागली. रांग का खोळंबली म्हणून दुकानाचा मालक जेफ्री तरातरा आला, तर रांगेतल्या पहिल्या म्हाताऱ्याने ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केले. काचेवरून सिबिलबाईंची दोन बोटे पाय टाकत निघाली, हळूहळू अडखळली आणि शेवटी गुडघे दुमडावेत तशी दुमडली. रांगेने टाळ्यांचा कडकडाट केला.

“ताई, गिऱ्हाईक आहे का जी?” पलीकडून प्रतापने विचारले.

“असू दे,” सिबिलबाई म्हणाल्या. “तू पुन्हा पहिल्यापासून सांग.”