जावयाची मान

घोड्याचं नाव जावई. तबेल्यातल्या लोकांनीच ठेवलेलं, कारण खाण्यात नखरे, जरा काही झालं की रुसवे, आणि तरी सगळ्यांनी पुढेपुढे करायचं. त्याला तयार करायचं काम मावशीकडे होतं. ही खरी मावशी एकट्या भाचीची, जी तिच्याच हाताखाली शिकून आता तबेल्यात कामाला होती. पण मालकांपासून सगळेच तिला मावशी म्हणत. पन्नाशी उलटलेली, जिभेला धार, आणि हात मात्र इतका मऊ की भले भले अडेल घोडे तिच्याखाली निमूट चालायचे.

या उन्हाळ्यात तिची झोप उडाली. आधी बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्याही थांबल्या, आणि ते जास्त वाईट होतं. शर्टाचं बटण लावायचं तर आरशात बघावं लागे. चहाचा कप निसटून फुटला तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, "लक्ष कुठाय तुझं?" तर त्याच्यावरच खेकसली. बिचारा मुकाट्याने काचा गोळा करत बसला. डॉक्टरचं नाव काढायची सोय नव्हती. अहो, घोड्याच्या तोंडात काय चाललंय ते लगामातून बोटांना कळतं, आणि तेवढ्यावर तर हिचं पोट! ते कळेनासं झालंय हे मालकांच्या कानावर गेलं, की हातात नारळ ठरलेला.

मग तिने खुंटीवरचा ड्रॉ रेन काढला. म्हणजे एक जादा लांब पट्टा. खोगिराच्या तंगाला पोटाखाली बांधायचा, पुढच्या पायांमधून वर आणून तोंडातल्या कडीत ओवायचा, आणि टोकं स्वाराच्या हातात. विहिरीवरच्या रहाटासारखा प्रकार. थोडं ओढलं तरी जोर भरपूर, घोड्याची मान आपसूक छातीकडे. जन्मभर या पट्ट्याला तिने नावं ठेवली होती. "ज्याला हात नाही त्याने पट्टा घ्यावा," असं शिकाऊंना भर मैदानात सुनावलं होतं. आता स्वतःच घेतला. दोन दिवसांपुरता, असं मनाला बजावलं, आणि बघता बघता महिना गेला.

मालक खूश. "मावशी, मान काय झोकात धरतो हो आपला जावई!" ती हसायची आणि विषय बदलायची. कारण मालकांना जावयावर स्पर्धेत उतरायचं होतं, आणि तिथे हा पट्टा चालत नाही. आज सकाळी सरावाला मालक पट्ट्याशिवाय बसणार होते. घोड्याने मान झटकली तर? मागच्या दोन पायांवर उभा राहिला, मालकांना घेऊन उलथला तर? रात्रभर याच विचाराने तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

सकाळी भाची घोड्याला लगाम चढवत होती. मावशीने हात पुढे केला, तसा जावई मागे सरकत पार भिंतीला टेकला. भाचीने त्याचा ओठ उचलून पाहिला. तोंडाचा कोपरा सोलून लाल झाला होता.

"मावशी, हलक्या हातानेच धरतेस ना?"

"मग काय लोंबकळते? आता तू मला शिकवणार?"

भाचीला ते पटलं नव्हतं. तिने भिंतीवरचा दुसरा लगाम काढला आणि उलट्या बादलीवर बसली. "ये, तो खेळ खेळू. मी घोडा, तू स्वार. डोळे मीट."

नवशिक्यांना हा खेळ मावशीच शिकवायची. एकाने तोंडातली कडी मुठीत धरायची, दुसऱ्याने लगाम. कडीवाल्याने हळूच ओढलं की लगामवाल्याने म्हणायचं, "आता." नाही म्हणावं तर संशय येणार. मावशी स्टुलावर बसली, डोळे मिटले आणि कान टवकारले. चामडं करकरलं.

"आता."

"अजून ओढलंच नाही," भाची हसली. मग म्हणाली, "आधी ढिला सोड ना."

"ढिलाच आहे."

"सोड गं."

"अगं बाई, ढिलाच धरलाय!"

"मावशी, दुखतंय!"

तिने डोळे उघडले. भाची बादलीवरून खाली गुडघ्यांवर आली होती. तिच्या दोन्ही मुठी मावशीच्या मांडीपर्यंत ओढल्या गेल्या होत्या, कडी बोटांत रुतली होती, डोळ्यांत पाणी. आणि मावशीच्या मुठी अशा आवळलेल्या की पेरं पांढरी पडलेली. बोटं सोडवतानासुद्धा तिला त्यांच्याकडे बघावं लागलं.

"महिनाभर गं," ती कशीबशी म्हणाली. "महिनाभर मी त्याला असं..." हुंदकाच फुटला.

बाहेर मालकांची गाडी थांबली. भाचीने चटकन डोळे पुसले. "मी सांगते, घोडा लंगडतोय म्हणून. आजचं तरी निभेल."

मावशीने मनगटाने तोंड पुसलं. एक क्षण तिला तो बहाणा अगदी हवाहवासा वाटला. जावई अजून भिंतीला टेकूनच उभा होता.

"नको," ती म्हणाली. "त्याच्यावर कशाला ढकलायचं?" आणि मालकांना हाक मारत ती बाहेर गेली.