एलायसचे दोन हात

"हात पळून कसा गेला, ते आधी मला सांग," जागृती म्हणाली.

वॉरनने गाडीच्या किल्ल्या ओट्यावर टाकल्या. "जुनं बोलणं आहे ते. आत्याच्या तोंडी तेच बसलंय."

"बसू दे. पण आज जेवताना काय म्हणाली? एलायसच्या दोन हातांपैकी एक हात चांगलं खेचर घेऊन पळाला. माणसाचा हात खेचर घेऊन पळतो, वॉरन?"

टेबलाशी पालक निवडत बसलेल्या रत्नाबाईंना इंग्रजी कळत नव्हतं, पण भांडण कळत होतं. दोन महिन्यांपूर्वी त्या नागपूरहून लेकीकडे अमेरिकेत आल्या होत्या. "काय पळालं गं?" त्यांनी विचारलं.

"सांगते आई. थांब जरा."

एलायस म्हणजे वॉरनचा खापरपणजोबा. अ‍ॅशबर्नमधल्या त्यांच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर त्याचं शेत होतं. शनिवारी त्याच्या थडग्यावर नवा दगड बसणार होता, सगळं कुळ जमणार होतं, आणि त्याच्या आयुष्याची हकिकत वाचायचा मान मिळाला होता त्यांच्या लेकीला, नऊ वर्षांच्या अहिल्येला. हकिकत लिहिली होती जागृतीने. लग्नाला बारा वर्षं झाली, पण "आमच्या घरचं तू लिही" असं लॉरेनआत्या पहिल्यांदाच म्हणाली होती. जागृती त्या दिवशी हवेत होती.

आणि लिहायला ती मुळातच तयार होती. लॉरेनआत्याने लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलेलं एलायसचं आयुष्य तिला तोंडपाठ होतं. बाप लवकर गेला. विसाव्या वर्षी दोनशे एकर रान अंगावर पडलं, त्यातलं निम्मं झाडीचं. "त्याच्याकडे काय होतं? एक खेचर आणि दोन हात," असं आत्या म्हणायची. त्या दोन हातांनी झाडी तुटली, दगड वेचले गेले, गहू आणि मका उभा राहिला. मग उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध आलं. एलायस दक्षिणेकडून लढायला गेला. गोवर झाला, पायाची तीन बोटं थंडीने गेली, धाकटा भाऊ शेजारच्या खंदकात मेला तेव्हा त्याने टिनच्या ताटलीने माती उकरून त्याला पुरलं. इकडे उत्तरेच्या सैन्याने धान्याचं कोठार पेटवलं, तर बायकोच्या, मार्थाच्या, हाताने आगीतून गुरं बाहेर काढली. एलायस लंगडत परत आला आणि पुन्हा पेरायला लागला. म्हातारपणी तो कुणाशी धड बोलत नसे. "कृतघ्न जग," एवढंच पुटपुटायचा.

ही गोष्ट जागृतीने अहिल्येला झोपवताना मराठीत किती वेळा सांगितली होती! "स्वतःच्या दोन हातांनी, बरं का. माझ्या आज्यासारखं." तिचा आजा उमरेडकडच्या एका गावात पाटलाच्या रानात राबला. पाटलाची विहीर त्याने आणि त्याच्या भावाने खणली. गाव म्हणायचं, विहीर पाटलाने खणली. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेईपर्यंत तो नुसता शंकऱ्या होता. नंतर त्याला शंकरराव म्हणणारी माणसं भेटली. असा आजा असलेल्या मुलीला नवऱ्याच्या घरात एक राबणारा पूर्वज मिळाला म्हणून तिने तो घट्ट धरला होता. भावाला पुरण्याची हकिकत लिहिताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हँड म्हणजे हात, तसा गडीही," ती आता वॉरनला म्हणाली. "मला काय इंग्रजी येत नाही? शब्द माहीत होता. मी माझ्या सोयीचा अर्थ ऐकला. पण गडी काम सोडून जातो. पळून जात नाही. पळतो तो विकत घेतलेला. मार्थाच्या हाताने गुरं काढली, तो हातही तसलाच ना?"

"हो," वॉरन म्हणाला.

"तुला माहीत होतं."

"सगळ्यांनाच माहीत आहे. मला वाटलं, तुलाही आहे."

"मी तुझ्या पोरीला 'स्वतःच्या हातांनी' सांगत होते, तेव्हा तू दारात उभा राहून ऐकायचास."

"तुझं मराठी मला कितीसं कळतं?"

"हात कळतो. अहिल्या रांगत होती तेव्हापासून हात धू, हात धू ऐकतोयस."

तिने फोन उचलला आणि लॉरेनआत्याला विचारलं, "त्या दोघांची नावं काय होती?"

"एक कॅस," आत्या म्हणाली. "गुरं काढली तो. युद्ध संपल्यावर तोही गेला, निरोपसुद्धा न घेता. एलायसच्या मनाला फार लागलं ते. खेचर नेलं त्याला घरात नुसतं 'बॉय' म्हणत. चाळिशीचा असेल."

"मग मी एक वाक्य बदलते. दोन हातांच्या जागी दोन गुलाम. आणि कॅसचं नाव घालते."

पलीकडे आत्याचा आवाज मऊ झाला. "हनी, हात लिहिलंयस, त्यात खोटं काय आहे? दगड एलायसचा आहे. आणि लहान मुलीच्या तोंडी तो शब्द बरा दिसतो का? तू कशाला मनाला लावून घेतेस? तुमचा काय संबंध त्यात!"

जागृतीने फोन ठेवला. आईला दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

रत्नाबाई पालकाची देठं गोळा करत म्हणाल्या, "म्हणजे इथंबी विहीर पाटलानंच खणली."

"एलायस तिथे नसता तर मी नसतो," वॉरन म्हणाला. "गरीब शेतकरी होता तो, जागृती. बोटं गेली त्याची, भाऊ गेला. तेही खोटं का?"

"नाही. तेच तर. सगळं खरं आहे आणि मी त्याच्यासाठी रडले. कॅससाठी रडायचं मला कुणी सांगितलंच नाही."

"एक दिवसाचा प्रश्न आहे. वाचू दे तिला. नंतर घरी काय सांगायचं ते सांग."

"म्हणजे लोकांसमोर एक आणि घरात एक. आमच्या गावात हेच चालायचं."

अहिल्या जिन्यावरून खाली आली. हकिकत तिला पाठ झाली होती. "मॉम, कॅन आय डू इट विदाउट द पेपर? लिसन. ही हॅड नथिंग बट हिज ओन टू हँड्स—"

"पुरे," जागृती म्हणाली. 'ओन', म्हणजे 'स्वतःच्या', हा शब्द आत्याचा नव्हता. तो तिने स्वतः घातला होता.

पोर गोंधळून बापाकडे बघायला लागली. वॉरनने खांदे उडवले. जागृतीने हात पुसले आणि आधी मराठीत, मग इंग्रजीत, तिघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं, "शनिवारी अहिल्या वाचणार नाही. ती आणि मी जाणारच नाही. वॉरन, तुला जायचं तर जा. आत्याला मी उद्या कळवते."