हात मोडायचा मुहूर्त

फुलसावंगीत कापूस वेचायला विमलताईच्या तोडीची बाई नव्हती. पऱ्हाटीच्या ओळीत तिचे दोन्ही हात असे चालत की मागे पडलेल्या बाया तिच्या नावानं कुरकुरत. ती कुरकुर तिला ऐकू येई आणि मनापासून आवडे. सीतादहीला, म्हणजे पहिल्या वेच्याआधी वावरात दगड मांडून हळदकुंकू वाहायचं आणि दहीभात ठेवायचा त्या दिवशी, शेजारची उज्ज्वलासुद्धा आपल्या वावरातलं पहिलं बोंड वेचायला विमलताईलाच बोलावत असे. हात गुणाचा म्हणून.

तो हात चोवीस सालच्या मे महिन्यात गेला. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून भांडण पेटलं, पलीकडच्या वावरवाल्यानं बैलबंडीच्या बाजूचा उभा दांडा, उभारी, उपसली आणि ती मध्ये पडलेल्या विमलताईच्या उजव्या मनगटावर बसली. हाड कसंबसं जुळलं, पण मूठ वळेना. केस पुसदच्या कोर्टात तारखा खात पडली. त्या सालच्या सीतादहीला आपल्या वावरातलं पहिलं बोंड मात्र विमलताईनं दुसऱ्या कुणाला तोडू दिलं नाही. डाव्या हातानं, धडपडत, तिनंच तोडलं.

त्याआधी, त्या पावसाळ्यातच उज्ज्वला बाजारातून येत असताना मोटरसायकलवरच्या चोरट्यांनी तिच्या गळ्यातली पोत ओढली. ती पडली, मांडीचं हाड मोडलं. चोर काही सापडले नाहीत. पण गुन्ह्यात जायबंदी झालेल्याला सरकारकडून भरपाई मिळते, ती तिला मिळाली. लंगडत का होईना, तिनं घरी शिलाई मशीन आणली. दिवसभर भिंतीपलीकडून तिची घरघर येई आणि विमलताईचं डोकं उठे.

"तिले भेटली, मंग मले काहून नाही?" तिनं नवऱ्याला विचारलं.

पुंडलिकराव पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे, त्यामुळे त्यांना सगळंच माहीत असायचं. "तुहा हात मे महिन्यात मोडला," ते म्हणाले. "जुलैपासून नवा कायदा आला, जुना रद्द झाला. रद्द झालेल्या कायद्यात कायची भरपाई? उज्ज्वलाचा पाय नव्या कायद्यात मोडला."

झालं! त्या दिवसापासून विमलताईला उज्ज्वलाच्या मोडक्या पायाचाही हेवा वाटू लागला. मेलीनं पडायचा मुहूर्तसुद्धा कसा साधला! आपला हात दोन महिने उशिरा मोडता तर काय बिघडलं असतं? असलं कुणी मनात आणतं का? पण डाव्या हातानं भाकरी थापता थापता ती रोज आणायची.

एकदा उज्ज्वला दारात आली. "बाई, त्या वकीलबाई सांगत होत्या, जुन्या कायद्यातलं बी..."

"मशीन चालू ठेवून आली का वं? जाय, मोटर जळन," असं म्हणून विमलताईनं दार लोटलं. दुसऱ्या वेळी तर तिनं दार उघडलंच नाही.

शेवटी केसची साक्ष लागली. धुऱ्यावरची मारामारी डोळ्यांनी पाहणारी एकटी उज्ज्वलाच, त्यामुळे दोघींना एकाच गाडीनं पुसदला जावं लागलं. विमलताई सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होती. साक्ष झाल्यावर उज्ज्वलानं तिला जवळजवळ ओढतच शीलाताईंपुढे नेऊन बसवलं. शीलाताई म्हणजे उज्ज्वला सांगत होती त्याच वकीलबाई, गरजूंना सरकारतर्फे फुकट मदत करणाऱ्या.

"कायदा रद्द झाला म्हणून तुमचा हक्क रद्द होत नाही," शीलाताई म्हणाल्या. "ही भरपाई जुन्या कायद्यातही होतीच. गुन्हा त्या काळात घडला, म्हणून तुमचा हक्क अजून उभा आहे. पण अर्जाला मुदत असते आणि ती टळून गेलीय. उशीर का झाला ते सांगा. पटलं तर माफ होईल."

विमलताईनं मोडका हात पदराखाली ओढून घेतला.

"लिहा मॅडम," उज्ज्वला पुढे सरकली. "म्याच तिले सांगाले भुलली."

विमलताईनं तिच्याकडे पाहिलं. पाय ठणकत असूनही उभी होती आणि खोटं बोलताना चेहऱ्यावर रेघ हलली नव्हती. या बाईला सगळंच कसं जमतं? भरपाई मिळवायला जमतं, मशीन घ्यायला जमतं, आता मोठं मन दाखवायलाही जमतं! विमलताईच्या अंगाचा तिळपापड झाला. भरपाई गेली तर गेली, पण हिचे उपकार नकोत.

"खोटी बोलते ते," ती ताडकन म्हणाली. "दोनदा आलती सांगाले. म्याच दार लावलं. तिले भेटलं अन् मले नाही, हे मले पाहावत नव्हतं. लिहा."

शीलाताईंचं पेन थांबलं. "असंच लिहू? यानं अर्ज फेटाळला जाऊ शकतो."

"असंच लिहा."

रद्द कायद्यात भरपाई नाही असं पुंडलिकराव म्हणाले होते, तेही विमलताईनं सांगितलं; शीलाताईंनी आधी ते लिहिलं, मग हे लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. सही करायला विमलताईला पेन धरवेना. उज्ज्वलानं काही न बोलता तिची बोटं पेनाभोवती मिटून धरली. एरवी तिनं हात हिसकावलाच असता. आज ती उज्ज्वलाच्या बोटांकडे नुसती बघत राहिली. धडधाकट, सुईनं टोचलेली, चपळ बोटं.

"दाही शाबूत हायेत तुही," ती हेव्यानंच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "औंदा सीतादहीले माह्या वावरातलं पह्यलं बोंड तूच वेच."