आत्याच्या दारावरून गेलेली पालखी

आत्या गेल्याचं शेजारच्या सुमनवहिनींनी गावाहून फोनवर सांगितलं आणि पाठोपाठ विचारलं, “पेपरवाल्यांना कळवायचं काय?” मी नको म्हटलं. पेपरवाल्यांनी तिचं जिवंतपणीच पुष्कळ छापलं होतं.

माझी ही आत्या म्हणजे एके काळची सिनेमातली नायिका. रत्नागिरीत तिचा सिनेमा लागला की आजोबा त्या रस्त्यानं जात नसत. आजी मात्र देवळाचं निमित्त करून दोनदा बघून येई. पुढे आत्या एका लग्न झालेल्या दिग्दर्शकाबरोबर राहू लागली. त्याच्या बायकोनं स्टुडिओच्या फाटकात तिच्या थोबाडीत मारली, आणि तो फोटो आमच्या गावातल्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत पोचला. मग दारू, शूटिंगला दांड्या, नायकाच्या आईच्या भूमिका, आणि मग काहीच नाही… दिग्दर्शक मुकाट बायकोकडे परतला. आत्या गावी आली, आमच्या घरामागच्या, मागल्या रस्त्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहिली. दारू सुटली, जीभ तेवढी तिखटच राहिली.

तिला एकच गोष्ट हवी होती. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघरी जाते, ती आपल्याही दारात यावी. पण गावकीनं ठरवून टाकलं होतं, “तिच्या दारात देवी न्यायची नाय.” त्या बैठकीत मी होतो आणि गप्प बसलो होतो. दर शिमग्याला आत्या अंगण सारवून, नऊवारी नेसून उभी राही. पालखी पुढे गेली की हसून म्हणे, “शॉट ओके नाही झाला. पुढच्या वर्षी रिटेक.”

एका वर्षी पालखीला माझा खांदा होता. आमच्याकडे पालखी आपण न्यायची नसते, देवी ओढेल तिकडे जायचं असतं. आत्याच्या घरासमोर पालखी डावीकडे ओढू लागली. खरंच ओढू लागली… मी पाय रोवले. लोक काय म्हणतील या भीतीनं, होता नव्हता तो जोर लावून पालखी रस्त्यावरच धरून ठेवली. त्याची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी आत्यानं विचारलं, “खरं सांग हां, पालखी माझ्याकडे वळत होती ना रे?”

“नाही गं आत्या. मी खांदा बदलत होतो.”

“असं होय,” म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

परवा तिची ट्रंक उघडली. देवीची ओटी भरायला आणलेले खण निघाले, कोरे, एकेकावर सालाची चिठ्ठी टाचलेली. शेवटची चिठ्ठी पालखीला माझा खांदा होता त्याच वर्षाची. त्यानंतरही नऊ शिमगे ती अंगण सारवून उभी राहिली होती. खण मात्र तिनं पुन्हा आणला नव्हता.